शनॉन्सोचा शातो: भेटीला जाण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात सहलीचा बेत आखणारी मराठी मंडळी बहुतेक वेळा सुरुवात एकाच छायाचित्रापासून करतात: नदीच्या पात्रात कमानींवर उभा असलेला एक पांढरा महाल आणि पाण्यात पडलेले त्याचे प्रतिबिंब. तो महाल म्हणजे शनॉन्सो. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी मला त्याच्याविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. त्यांपैकी निम्मे प्रश्न प्रवासाचे आणि निम्मे इतिहासाचे आहेत, पण इतिहास थोडासा ठाऊक असल्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत असे माझे मत असल्याने त्याला जागा अधिक दिली आहे.

शातो म्हणजे नेमके काय? किल्ला, राजवाडा की वाडा?

फ्रेंच भाषेत या एकाच शब्दात तिन्हींचा समावेश होतो. तटबंदीचा मध्ययुगीन किल्लाही शातो, राजाचा महालही शातो आणि द्राक्षमळ्याच्या मधोमध असलेले मालकाचे टोलेजंग घरही शातोच. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘गढी’ हा वाटतो, कारण गढीतही राहते घर आणि संरक्षणाची व्यवस्था एकत्र नांदते.

शनॉन्सोला हे स्थित्यंतर एका दृष्टिक्षेपात दिसते. पुढच्या अंगणात एक गोल, भक्कम बुरूज एकटाच उभा आहे. जुन्या मार्क घराण्याच्या किल्ल्याचा तेवढाच भाग शिल्लक राहिला असून, खंदकांनी वेढलेले ते चौकोनी अंगणही त्याच किल्ल्याच्या जोत्याची आठवण देते. त्याच्यापलीकडे, थेट नदीच्या पात्रात, मोठमोठ्या खिडक्यांचे नवे घर आहे. खिडक्या मोठ्या झाल्या म्हणजे तोफेची भीती कमी झाली आणि बाहेरचे दृश्य पाहण्याची हौस वाढली, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा.

तो ल्वार नदीवर आहे का?

नाही. तो शेर नावाच्या नदीवर आहे. या शेरचा सिंहाशी काही संबंध नाही. ही ल्वारची उपनदी असून तूर शहर ओलांडल्यावर ती ल्वारला मिळते. तूर शहर शातोच्या पश्चिमेला साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे आणि आंब्वाझ हे गाव उत्तरेला त्याहून बरेच जवळ आहे. नकाशात शोधताना एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी: गावाच्या नावाच्या शेवटी रोमन लिपीतील ‘एक्स’ हे अक्षर आहे आणि शातोच्या नावात ते नाही. उच्चार मात्र दोन्हींचा एकच.

त्याला प्रबोधनकाळातील वास्तू का म्हणतात?

१४९४ पासून फ्रान्सच्या राजांनी इटलीवर स्वाऱ्या केल्या. राज्य म्हणून त्यातून फारसे काही टिकले नाही, पण त्यांच्याबरोबर गेलेल्या सरदारांनी आणि खजिनदारांनी तिथली घरे पाहिली आणि आपलीही घरे तशीच असावीत असे त्यांना वाटू लागले. ल्वारच्या परिसरात राजदरबाराचा मुक्काम असल्यामुळे ही नवी बांधकामे प्रामुख्याने येथेच झाली.

शनॉन्सोच्या मूळ घराचा आराखडा जवळजवळ चौरस आहे. मधोमध एक दिवाणखान्यासारखा लांब मार्ग आणि दोन्ही बाजूंना खोल्या, अशी त्याची मांडणी आहे. जिना गोल फिरत वर जाणारा नसून सरळ टप्प्याटप्प्यांनी चढणारा आहे, आणि तशा पद्धतीच्या फ्रान्समधील अगदी आरंभीच्या जिन्यांत त्याची गणना होते. ही झाली इटलीची देणगी. याउलट, उंच उतरते पाटीच्या दगडाचे छप्पर, कोपऱ्यांवरचे निमुळते बुरूज आणि चॅपेलच्या, म्हणजे घरातल्या प्रार्थनामंदिराच्या, टोकदार कमानी या जुन्या फ्रेंच वळणाच्या आहेत. मधल्या मार्गातून चालताना मान वर करून पाहिले तर छताच्या कमानी जिथे एकत्र येतात ते मधले दगड एका रेषेत नाहीत, ते मुद्दाम एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवले आहेत, हे दिसते. पहिल्या भेटीत ते माझ्या लक्षातच आले नव्हते. दुसऱ्या वेळी शेजारी उभे असलेले एक आजोबा नातवाला बोटाने दाखवत होते, म्हणून कळले.

मूळ घर कोणी बांधले?

तोमा बोयिए या राजाच्या अर्थखात्यातील बड्या अधिकाऱ्याने मार्क घराण्याची ही मालमत्ता १५१३ मध्ये मिळवली. त्याने जुना किल्ला पाडला, एक बुरूज तेवढा ठेवला आणि नदीतल्या जुन्या पाणचक्कीच्या पायावर नवे घर उभारण्याचे ठरवले. स्वतः तोमा बहुतेक काळ राजाच्या मोहिमांवर इटलीत असे. त्यामुळे गवंडी, सुतार आणि हिशेब यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिच्याकडे आले. घराच्या मांडणीतील सोय तिच्या नजरेतून आली असावी असे अभ्यासक मानतात.

त्या दोघांची आद्याक्षरे वास्तूत जागोजागी कोरलेली सापडतात आणि त्यांचे बोधवाक्यही आहे. त्याचा आशय असा की, हे काम पूर्णत्वास गेले तर माझी आठवण राहील. काम पूर्ण झाले, पण उपभोग फार लाभला नाही. तोमा १५२४ मध्ये इटलीत वारला आणि कातरीन १५२६ मध्ये.

मग तो राजघराण्याकडे कसा गेला?

हिशेबामुळे. तोमाच्या मृत्यूनंतर त्याच्या कारभाराची तपासणी झाली आणि सरकारी खजिन्याची मोठी रक्कम त्याच्या नावावर येणे निघाली. ती फेडण्यासाठी त्याचा मुलगा आंत्वान याने १५३५ मध्ये शातो राजा पहिला फ्रान्स्वा याच्या स्वाधीन केला. त्या काळातील अर्थखात्याच्या लोकांची ही सर्वसाधारण कथा आहे. जवळच असलेला आझे-ल-रिदो हा देखणा शातो बांधणारा जिल बेर्तलो हाही खजिन्याचाच माणूस होता आणि त्यालाही अखेर देश सोडून पळावे लागले. राजाच्या पैशाशी खेळून घर बांधावे आणि मग ते राजानेच घ्यावे, असा तो काळ होता.

दियान द प्वातिए कोण होती? तिला हा शातो भेट मिळाला हे खरे का?

अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे अधिक मनोरंजक आहे.

दियान ही दुसरा आंरी या राजाची प्रेयसी होती. ती त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठी होती. १५४७ मध्ये गादीवर येताच आंरीने तिला शनॉन्सो दिला. अडचण अशी होती की राजाच्या मालकीची जमीन कायद्याने कायमची कुणालाही देता येत नसे, म्हणजे पुढचा राजा ती केव्हाही परत मागू शकत होता. दियानला हे पक्के ठाऊक होते. तिने वकिलांकरवी असा दावा उभा केला की, बोयिए कुटुंबाकडून राजाने जो व्यवहार केला तो मुळातच सदोष होता. तो व्यवहार रद्द झाला, मालमत्ता पुन्हा बोयिएंच्या नावावर गेली, जुन्या कर्जापायी ती जप्त होऊन लिलावात निघाली आणि १५५५ मध्ये दियानने ती रीतसर विकत घेतली. बक्षीसपत्रापेक्षा खरेदीखत बळकट असते, हे आपल्याकडच्या जमीनजुमल्याच्या दाव्यांत मुरलेल्या कुणालाही पटेल.

दियान सौंदर्यासाठी प्रसिद्ध असली तरी शनॉन्सोच्या संदर्भात तिचा खरा गुण कारभार हा होता. शेती, द्राक्षमळे आणि वसुली यांकडे ती बारकाईने पाहत असे. तिनेच पूर्वेकडची मोठी बाग आखून घेतली, आणि वास्तुविशारद फिलिबेर द लोर्म याच्याकडून १५५६ ते १५५९ या काळात घरापासून दक्षिण तीरापर्यंत कमानींचा पूल बांधून घेतला. आज छायाचित्रात दिसणाऱ्या त्या कमानी तिच्या. त्यांच्यावरचे मजले मात्र तिचे नाहीत.

कॅथरीन द मेदिचीने तिला हाकलून दिले ना?

ही गोष्ट सवतीमत्सराच्या नाटकासारखी सांगितली जाते. वस्तुस्थिती थोडी कोरडी आहे. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये भाल्यांच्या खेळात आंरीच्या डोळ्यापाशी भाल्याचा तुटका तुकडा घुसला आणि १० जुलै रोजी तो मरण पावला. त्याची विधवा राणी कॅथरीन हिने दियानला शनॉन्सो सोडायला लावले हे खरे, पण मोबदल्यात तिला ल्वारच्या काठावरील शोमाँचा शातो दिला. उत्पन्नाच्या दृष्टीने शोमाँ काही कमी नव्हता. खरेदीखत दियानच्या नावावर असल्याने राणीलाही अदलाबदलीचा मार्ग घ्यावा लागला, म्हणजे वकिलांवर केलेला खर्च अगदी वाया गेला नाही. दियान पुढे आने येथील आपल्या घरी राहिली आणि तेथेच १५६६ मध्ये वारली.

दियानच्या शयनगृहात या दोघींचे एक गंमतशीर सहअस्तित्व पाहायला मिळते. तेथे आंरी आणि कॅथरीन यांच्या नावांची रोमन आद्याक्षरे, म्हणजे ‘एच’ आणि दोन ‘सी’, एकमेकांत गुंफलेली आहेत. ‘एच’च्या उभ्या दांड्यांना ‘सी’ची कमान अशी चिकटते की त्यातून ‘डी’ हे अक्षर तयार होते. राणीने त्यात स्वतःला पाहावे आणि दियानने स्वतःला. हे जाणूनबुजून केले होते की नाही यावर वाद आहे, पण शेकोटीसमोर उभे राहून ती अक्षरे वाचताना नजर खरोखरच दोन्हीकडे झुकते. त्याच शेकोटीच्या वर आज कॅथरीनचे चित्र टांगलेले आहे, हा नंतरच्या काळातील कुणाचा तरी मिस्कीलपणा असावा.

पुलावरचे मजले कधी चढले?

कॅथरीनच्या कारकिर्दीत, १५७० च्या दशकात. हे काम झाँ ब्युलाँ या वास्तुविशारदाचे मानले जाते. तळच्या मजल्यावरील गॅलरी साठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे, तिला अठरा खिडक्या आहेत आणि जमीन काळ्या पाटीच्या व पांढऱ्या चुनखडीच्या फरशांची, बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. चालणाऱ्यांच्या पावलांनी मधल्या फरशा झिजलेल्या आणि भिंतीलगतच्या तशाच राहिलेल्या दिसतात.

कॅथरीनला येथे मेजवान्या द्यायच्या होत्या आणि तिने त्या दिल्याही. १५७७ मध्ये आपला मुलगा राजा तिसरा आंरी याच्यासाठी तिने दिलेला समारंभ त्या काळात उधळपट्टीसाठी गाजला. पण केवळ तेवढ्यावरून तिचे मूल्यमापन करू नये. गॅलरीत शिरण्यापूर्वी नदीकडे तोंड करून असलेली एक लहानशी अभ्यासिका लागते. तिला हिरवी अभ्यासिका म्हणतात. धर्मयुद्धांनी पोखरलेल्या राज्याचा कारभार तिने येथे बसून हाकला. तिच्याला लागून असलेल्या ग्रंथालयाचे ओकच्या लाकडाचे छत बोयिएंच्या काळातले, १५२५ चे आहे. पर्यटक या खोल्यांतून घाईने पुढे जातात, कारण गॅलरीतला उजेड समोर दिसत असतो. तेथे दोन मिनिटे थांबावे.

काळ्या रंगाची खोली कोणाची?

लुईझ द लोरेनची. ती तिसऱ्या आंरीची राणी. कॅथरीन ५ जानेवारी १५८९ रोजी वारली आणि तिने शनॉन्सो या सुनेला ठेवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका धर्मवेड्या भिक्षूने आंरीचा खून केला. लुईझने उरलेले बहुतेक आयुष्य येथे व्रतस्थपणे काढले. वरच्या मजल्यावरील तिच्या खोलीचे छत आणि लाकडी तक्ते काळे असून त्यांवर चांदीच्या रंगात अश्रू, विधवेच्या दोरीच्या गाठी, कबर खणण्याची फावडी आणि काटेरी मुकुट रंगवलेले आहेत. मूळ छत टिकले होते, त्याच्या आधारे खोली पुन्हा मांडलेली आहे.

खोली काळी असली तरी तिची स्वतःची वस्त्रे पांढरी असत. फ्रान्सच्या राण्यांचा शोकाचा रंग पांढरा होता, आणि त्यामुळेच तिला ‘श्वेतवस्त्रा राणी’ म्हणू लागले. मराठी वाचकाला पांढऱ्यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते कॅथरीनचे, जिने नवऱ्याच्या मृत्यूनंतर ही रीत मोडून काळा रंग पत्करला आणि अखेरपर्यंत सोडला नाही.

रूसो येथे राहिला होता का?

होय, पाहुणा म्हणूनही आणि नोकर म्हणूनही. १७३३ मध्ये हा शातो क्लोद द्युपँ या कर-ठेकेदाराने विकत घेतला. त्याची पत्नी लुईझ द्युपँ हिच्या बैठकीला व्हॉल्टेअर, माँतेस्क्यू, ब्युफाँ असे लोक येत. झाँ-झाक रूसो हा तेव्हा अप्रसिद्ध तरुण होता आणि तिचा लेखनिक म्हणून काम करीत होता. स्त्रियांच्या हक्कांवर ती एक मोठा ग्रंथ लिहीत होती आणि त्यासाठीची टिपणे रूसोच्या हातची आहेत. तो ग्रंथ तिने प्रसिद्ध केला नाही, ही खेदाची बाब आहे. १७४७ च्या शरद ऋतूत रूसोचा मुक्काम येथे होता, आणि येथल्या जेवणाने आपण एखाद्या मठवाशासारखे गलेलठ्ठ झालो असे त्यानेच पुढे लिहून ठेवले.

फ्रेंच राज्यक्रांतीत तो वाचला कसा?

या प्रश्नाचे उत्तर मला या वास्तूच्या संपूर्ण इतिहासात सर्वांत आवडते. राजघराण्याच्या खुणा पुसून टाकण्याच्या त्या दिवसांत म्हाताऱ्या मादाम द्युपँने असा युक्तिवाद केला, असे सांगतात, की हा महाल पाडलात तर पूलही पडेल, आणि पंचक्रोशीत शेर ओलांडण्याचा दुसरा पूल नाही. चॅपेलमध्ये तिने जळाऊ लाकडे भरून ठेवली, म्हणजे ते देवघर न दिसता वखार दिसेल. गावकऱ्यांमध्ये तिच्याविषयी आपुलकी होती, तिचाही उपयोग झाला असणारच. ती १७९९ मध्ये, वयाच्या नव्वदीपलीकडे, येथेच वारली आणि तिला येथल्याच झाडीत पुरले.

आता मालक कोण?

मेनिए कुटुंब. चॉकलेटच्या व्यवसायात नाव कमावलेल्या या कुटुंबाने १९१३ मध्ये तो घेतला. त्याआधी १८६४ पासून मादाम पलूझ या हौशी श्रीमंत बाईने जीर्णोद्धारावर इतका पैसा ओतला की तिचे दिवाळे निघाले. म्हणजे शनॉन्सो सरकारी संग्रहालय नसून खासगी मालमत्ता आहे. १८४० पासून त्याला ऐतिहासिक वास्तूचे कायदेशीर संरक्षण मात्र आहे.

महायुद्धांत येथे काय घडले?

पहिल्या महायुद्धात गास्ताँ मेनिए याने स्वखर्चाने संपूर्ण शातोत लष्करी रुग्णालय उभारले. कॅथरीनच्या नृत्याच्या गॅलरीत दोन्ही बाजूंना खाटा लागल्या आणि १९१८ अखेरपर्यंत २,२५४ जखमींवर येथे उपचार झाले. मेनिए घराण्याची सून सिमॉन हिने मुख्य परिचारिका म्हणून रुग्णालय चालवले. आवारातील एका जुन्या इमारतीत या रुग्णालयाचे प्रदर्शन मांडलेले आहे. बहुतेक सहलींच्या गटांना तेथे नेत नाहीत, म्हणून ते शांतपणे पाहता येते.

दुसऱ्या महायुद्धात भूगोलच आडवा आला, आणि उपयोगीही पडला. १९४० मध्ये फ्रान्स हरल्यावर जर्मनांच्या ताब्यातील प्रदेश आणि जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच व्हिशी सरकारचा प्रदेश यांच्यातील सीमा या भागात शेर नदीवरून जात होती. शातोचे मुख्य दार उत्तर तीरावर, म्हणजे व्याप्त प्रदेशात, आणि गॅलरीच्या टोकाचे दार दक्षिण तीरावर, म्हणजे त्या रेषेपलीकडे. प्रतिकार चळवळीतील लोकांनी या मार्गाने अनेकांना पलीकडे पोहोचवले. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दक्षिणेकडील प्रदेशही व्यापला आणि या दाराचे ते विशेष महत्त्व संपले. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात चॅपेलच्या रंगीत काचा फुटल्या. आज दिसतात त्या १९५४ मध्ये माक्स अँग्राँ या कलाकाराने केलेल्या आहेत.

आत गेल्यावर काय चुकवू नये?

स्वयंपाकघर. पुलाच्या अलीकडील, घराखालच्या भरीव दगडी पायांच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या जरा वर ते बसवलेले आहे. अरुंद पायऱ्या उतरून गेल्यावर भाजीची खोली, मांस साठवण्याची खोली, नोकरांची जेवणाची जागा आणि मुख्य चुलींची खोली अशा लहानमोठ्या कोठ्या लागतात. भिंतीवर तांब्याची पातेली मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने टांगलेली आहेत आणि ती इतकी लख्ख घासलेली असतात की माझ्या आईने पहिला प्रश्न केला तो, ‘यांना कल्हई कोण करतं?’ हा. मधली मोठी लोखंडी शेगडी सोळाव्या शतकातली नाही. रुग्णालयाच्या काळात येथील सामग्री नव्याने बसवली गेली. खिडकीतून खाली पाहिले तर होडी लागण्याची जागा दिसते. धान्य आणि भाजीपाला थेट नदीतून आत येत असे.

चॅपेलमध्ये भिंतीवर स्कॉटिश पहारेकऱ्यांनी कोरलेली वचने आहेत, त्यांवर १५४३ आणि १५४६ ही साले आहेत. ती स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिच्या रक्षकांची असल्याचे सांगण्याचा प्रघात आहे. मेरी फ्रान्सला आली १५४८ मध्ये, तेव्हा सालांवर विश्वास ठेवायचा तर ती तिच्या रक्षकांची असू शकत नाहीत. फ्रान्सच्या राजाच्या पदरी स्कॉटिश पहारेकऱ्यांची तुकडी तिच्या कितीतरी आधीपासून होती, हे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे.

खोल्याखोल्यांतील ताज्या फुलांच्या रचनाही पाहाव्यात. शातोची स्वतःची फुलांची कार्यशाळा आहे आणि फुले मोठ्या प्रमाणात आवारातील मळ्यातूनच येतात.

दोन बागांपैकी कोणती पाहावी?

दोन्ही पाहाव्यात, पण आधी वरून. प्रवेशमार्गाने येताना डावीकडे दियानची बाग आहे. ती सुमारे १२,००० चौरस मीटरची असून तिरक्या वाटांनी त्रिकोणांत विभागलेली आहे. उजवीकडची कॅथरीनची बाग तिच्या निम्म्याहून लहान, पण अधिक घरगुती वाटते, आणि शातोच्या पश्चिम बाजूचे चांगले छायाचित्र तेथूनच मिळते. मुले बरोबर असतील तर झाडांच्या कुंपणांचा भूलभुलैया राखून ठेवावा.

तेथे कसे पोहोचावे?

मुंबईहून पॅरिसला थेट विमाने आहेत. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठी तो मिळतो, आणि सुट्टीच्या हंगामात अर्जाच्या वेळा लवकर भरतात, म्हणून विमानाच्या तिकिटाइतकेच त्याचेही नियोजन आधी करावे.

पॅरिसच्या माँपारनास स्थानकावरून वेगवान गाडी सुमारे एका तासात साँ-प्येर-दे-कोर या तूरच्या उपनगरातील स्थानकावर पोहोचते. तेथून किंवा तूरहून शनॉन्सोची स्थानिक गाडी साधारण अर्ध्या तासाची आहे आणि स्थानक शातोच्या प्रवेशद्वाराला अक्षरशः लागून आहे. स्थानिक गाड्या दिवसात मोजक्याच असतात. आम्ही एकदा परतीची वेळ न पाहता गेलो आणि त्या इवल्याशा स्थानकाच्या बाकावर दोन तास बसून राहिलो. जवळ चकल्या होत्या म्हणून निभावले.

केव्हा जावे आणि किती वेळ ठेवावा?

एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत खांद्याला खांदा लागतो. शातो वर्षभर खुला असतो, परंतु वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. सकाळी दार उघडताच आत शिरावे, आधी महाल पाहावा आणि बागा नंतरसाठी ठेवाव्यात, कारण पर्यटकांच्या बसगाड्या साडेदहानंतर येऊ लागतात. घाई न करता तीन-चार तास लागतात.

वयस्कर मंडळींना झेपेल का?

तळमजला आणि गॅलरी झेपतात, आणि निम्म्याहून अधिक महत्त्वाचे तेथेच आहे. स्वयंपाकघर आणि वरचे मजले यांसाठी दगडी जिने आहेत. गुडघेदुखी असल्यास ते टाळलेले बरे. तिकीटघरापासून महालापर्यंत दोन्ही बाजूंना उंच प्लेन वृक्ष असलेला लांब, सपाट रस्ता आहे. सावलीमुळे चालणे सुखावह होते, पण अंतर गृहीत धरावे.

शाकाहारी जेवणाचे काय?

आवारात उपाहारगृहे आहेत, तथापि शाकाहारी पर्याय मर्यादित असतात आणि मांसाच्या रसात शिजवलेली भाजी तेथे शाकाहारी समजली जाऊ शकते, म्हणून स्पष्ट विचारावे. सर्वांत सोपे म्हणजे तूरहून पाव, चीज आणि फळे घेऊन जावे.

त्याच दिवशी आणखी काय पाहता येईल?

स्वतःची गाडी असेल तर आंब्वाझ. लिओनार्दो दा विंचीने अखेरची तीन वर्षे, १५१६ ते १५१९, तेथे काढली आणि त्याची समाधीही तेथील शातोच्या चॅपेलमध्ये आहे. शाँबोर हा अवाढव्य शातो त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. चारशेहून अधिक खोल्यांची ती वास्तू वेगळा दिवस मागते.

छायाचित्रातला तो देखावा कुठून दिसतो?

नदीकाठावरून. गॅलरीच्या टोकाचे दार उघडे असेल तर त्यातून बाहेर पडावे. एक पायरी उतरताच आपण दक्षिण तीरावर येतो, त्याच जागी जिथे १९४१ मध्ये कुणीतरी श्वास रोखून पाऊल टाकले असेल. तेथून काठाकाठाने थोडे चालत गेले की झाडी विरळ होते आणि कमानींची संपूर्ण रांग समोर येते. उन्हाळ्यात वल्ह्यांच्या छोट्या नावा त्यांच्याखालून जातात. दुपार कलली की पांढऱ्या दगडावर पाण्याचा उजेड हलू लागतो. तेवढे पाहून वेळेवर परत फिरावे, कारण दार बंद झाले तर स्थानक नदीच्या पलीकडे राहते.